‘एवढी रक्कम कशाला काढताय?’ असं विचारणारं कुणीतरी हवं

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य बँका,
राज्यस्तरीय बँकर्स समिती, महाराष्ट्र यांस

सादर नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात, दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी, आमच्या तालुक्याच्या गावातल्या एक निवृत्त शिक्षिका दुपारी चार चाळीसला बँकेत पोचल्या. शटर अर्धं खाली होतं, पण शिपाई ओळखीचा, त्यानं आत सोडलं. बाई ७१ वर्षांच्या. त्यांनी मोबाइल पुढे करून काउंटरवरच्या मुलाला विचारलं, “अरे बाळा, हा मेसेज कसला आलाय बघ ना. माझी ठेव मोडली असं काहीतरी लिहिलंय.” मुलगा दिवसाचा हिशेब जुळवत होता. मान वर न करता तो म्हणाला, “आता कॅश बंद झाली आजी. कस्टमर केअरला फोन लावा, नंबर पासबुकाच्या मागे आहे.”

बाई बाकावर बसल्या आणि नंबर फिरवू लागल्या. इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. त्या बाकावर बसलेल्या असतानाच, चार एक्कावन्नला एक आणि पाच सहाला एक, अशा दोन रकमा त्यांच्या खात्यातून गेल्या. दोन्ही मिळून २,४०,००० रुपये. बँकेच्या आत, बँकेच्या माणसापासून पाच हातांवर.

त्याआधी ३,८०,००० रुपये गेलेले होते, पण त्याबद्दल पुढे लिहिते. हे पत्र खरं तर त्या दोन रकमांसाठी आहे.

मी स्वतः ३३ वर्षं एका सरकारी बँकेत होते. १९८७ साली क्लार्क म्हणून लागले आणि २०२० मध्ये विशेष सहायक म्हणून निवृत्त झाले. पितळी टोकनपासून कोअर बँकिंगपर्यंत सगळं याच हातांनी केलं. आता गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघात दर बुधवारी मोबाइल आणि बँकेच्या व्यवहारांबद्दल चार गोष्टी सांगते. या बाईंनी माझ्या मुलीला चौथीला गणित शिकवलं. त्यांच्या बँकेचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे गेली आहे आणि निकाल यायचा आहे. शिवाय जे त्या शाखेत घडलं ते तुमच्यापैकी कुणाच्याही शाखेत घडू शकलं असतं, हे काउंटरमागे इतकी वर्षं काढल्यावर मी खात्रीनं सांगते.

तुम्हालाच का लिहिते आहे, तेही सांगते. राज्यातल्या सरकारी, खासगी, सहकारी, ग्रामीण अशा सगळ्या बँकांची मोठी माणसं एका टेबलाभोवती बसतात ती तुमच्या बैठकीत. पीककर्जाचा लक्ष्यांक, जनधन, विमा, मुद्रा यांचे जिल्हावार तक्ते तिथे मांडले जातात. अमुक जिल्हा मागे का, म्हणून अग्रणी बँकेला विचारणा होते. ज्या टेबलावर पीककर्जाचा हिशेब मागितला जातो, तिथेच आमच्या बाईंसारख्यांच्या ठेवींचाही मागितला जावा, एवढ्यासाठी हे लिहिणं.

आता त्या दिवशी काय झालं ते.

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शन घेणारा प्रत्येक जण त्या दिवसांत धास्तावलेला असतो, की दाखला पोचला नाही तर पेन्शन अडकेल. दुपारी साडेतीनच्या सुमारास बाईंना फोन आला. बोलणारा शुद्ध मराठीत बोलत होता आणि त्यांना ‘बाई’ म्हणत होता. त्यांचा पेन्शनचा नंबर आणि निवृत्तीची तारीख त्यानंच सांगितली. ‘तुमचा दाखला प्रलंबित दिसतोय, आज शेवटचा दिवस, बँकेत रांगेत उभं राहू नका, मी घरबसल्या करून देतो.’ व्हॉट्सॲपवर एक फाइल आली, नाव ‘जीवन प्रमाण’, वर सरकारी बोधचिन्ह. ती उघडताना मोबाइल दोनदा म्हणाला की अनोळखी ॲप आहे, धोका असू शकतो. हे इंग्रजीत. फोनवरचा माणूस म्हणाला, “ते सगळ्यांनाच येतं, पुढे दाबा.” बाईंनी दाबलं. मग एक फॉर्म आला. नाव, जन्मतारीख, खातं आणि एक रुपया शुल्कासाठी एटीएम कार्डाचा तपशील. तोही त्यांनी भरला.

हो, ती त्यांची चूक. बाई स्वतः ती नाकारत नाहीत. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेली बाई आहे ती, स्वतःची चूक लाल शाईनं दाखवायला त्या कचरत नाहीत. पण त्यानंतर बँकेत काय काय घडलं ते ओळीनं बघा. ३:५६ ला त्यांच्या खात्याला पहिल्यांदाच नेट बँकिंग सुरू झालं. आलेला ओटीपी त्यांनी कुणाला सांगितला नाही. मोबाइलमध्ये शिरलेल्या त्या ॲपनंच तो वाचून पुढे धाडला. ४:०९ ला दोन मुदत ठेवी मुदतीआधी मोडल्या गेल्या. त्यातली एक आठ महिन्यांनी पुरी होणार होती. ४:१८ पासून पैसे जायला लागले, आधी कधीही नाव न जोडलेल्या खात्यांवर. ५:०६ पर्यंत सहा वेळा मिळून ६,२०,००० रुपये.

या खात्याचं गेल्या ११ वर्षांचं पासबुक मी पानन्‌पान वाचलं आहे. पेन्शन जमा, लाइट बिल, गॅस, दिवाळीला भाच्यांना पाचशे-पाचशे. एका वेळी ५,००० च्या वर रक्कम दोनदाच गेली आहे, एकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आणि एकदा घराच्या पत्र्याला. अशा खात्याला एका दुपारी नेट बँकिंग लागतं, ठेवी मोडतात आणि तासाभरात सगळी पुंजी चार परक्या गावांतल्या खात्यांत जाते. हे बघून तुमच्या यंत्रणेत कुठे एक दिवासुद्धा लागला नाही?

तो लागू शकतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या भावाच्या क्रेडिट कार्डावर मागे परदेशातल्या एका दुकानात खरेदीचा प्रयत्न झाला तेव्हा पाच मिनिटांत बँकेचा फोन आला, ‘साहेब, हा व्यवहार तुम्हीच करताय का?’ भाऊ त्या वेळी शेतात पाणी पाजत होता. कार्ड तिथल्या तिथे बंद केलं गेलं. ती यंत्रणा आहे, चालते, उत्तम चालते. पण क्रेडिट कार्डावर पैसा बँकेचा असतो आणि बचत खात्यात बाईंचा. एवढ्या एका फरकानं एकाला फोन जातो आणि दुसरीला बाकावर बसवलं जातं, असं माझ्या मनात येतं. ते खोटं असेल तर मला बरंच वाटेल. तुम्ही ते खोटं ठरवून दाखवा.

मला १९९८ सालचा एक दिवस आठवतो. कारखान्याचं उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं. एक शेतकरी ८०,००० रुपये काढायला आला. त्या काळात ही रक्कम केवढी होती ते तुम्ही जाणता. स्लिप बरोबर, सही बरोबर, नमुन्याच्या कार्डाशी मी जुळवून पाहिली. पण हात थरथरत होता आणि नजर सारखी दाराकडे. मी सहज विचारलं, “दादा, एवढी रक्कम कशाला काढताय? लग्न काढलंय का घरात?” तो गप्प. मी स्लिप घेऊन मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी त्याला आत बोलावलं, चहा पाजला आणि बोलता बोलता काढून घेतलं. मुलाला नोकरी लावून देतो म्हणणारा एक जण बाहेर जीपमध्ये बसला होता. साहेबांनी शेजारच्या दुकानातून त्याच्या थोरल्या भावाला फोन लावला. भाऊ येईपर्यंत जीप निघून गेली होती.

त्या दिवशी आम्ही कुठलाही नियम पाळला नव्हता. फक्त विचारलं होतं. गावातली बँक म्हणजे थोडी चौकशी असायचीच, लोकांना तिचा कधी राग यायचा, मलाही ‘तुम्हाला काय करायचंय बाई’ असं ऐकून घ्यावं लागलं आहे. तरी त्या चौकशीनं किती घरं वाचली याची नोंद कुठल्या लेजरमध्ये नाही. मग यंत्रं आली, ॲप आली, सगळं दोन सेकंदांत व्हायला लागलं, आणि जीपमध्ये थांबणारा माणूस आता थेट फोनमध्ये येऊन बसला. चोर आत आला आणि विचारणारं माणूस बाहेर गेलं.

हे विचारणं आजही जमतं. २०२४ मध्ये हैदराबादला स्टेट बँकेच्या एका शाखेत एक वृद्ध ग्राहक ठेवी मोडायला आले होते. ‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांनी, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून अटकेची भीती घालणाऱ्या चोरांनी, त्यांना फोनवर जखडून ठेवलं होतं. काउंटरवरच्या कर्मचारी बाईंना संशय आला, त्यांनी खोदून विचारलं, आणि १३ लाख रुपये वाचले. २७ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलं, की डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नसतंच. पुढे सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून हा विषय हाती घेतला आणि १ डिसेंबर २०२५ ला देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. म्हणजे वरपर्यंत सगळ्यांना कळलं आहे. तालुक्याच्या काउंटरपर्यंत ते यायचं राहिलं आहे.

चार चाळीसला त्या मुलाला काय करता आलं असतं? खात्याला डेबिट फ्रीझ लावता आला असता, म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणं थांबवता आलं असतं. मी तो कितीदा लावला आहे, अधिकाऱ्याची मंजुरी धरून दोन मिनिटांचं काम. २,४०,००० रुपये जागच्या जागी राहिले असते. पण त्या मुलाला मी दोष देत नाही. त्या शाखेत सात जणांचं काम तिघं करतात. सकाळी विम्याच्या पॉलिसीचं टार्गेट विचारणारा फोन येतो, संध्याकाळी पुन्हा येतो. फसवणूक झालेला माणूस समोर आला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे त्याला कुणी कधी शिकवलेलंच नव्हतं. मी नंतर त्याला विचारलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

शनिवारी बँक बंद, रविवारी बंद. शनिवारी सकाळी बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या पोलीसताईंनी नीट विचारलं, खातं कुठलं, व्यवहाराचे नंबर काय. व्यवहाराचे नंबर आमच्याकडे कुठे होते? तो मोबाइल तर आम्ही बंद करून ठेवलेला, आणि पासबुक छापायचं मशीन महिनाभर बंद. शेवटी माझ्या जुन्या ओळखीतल्या एका अधिकाऱ्यानं सुट्टीच्या दिवशी शाखेत जाऊन उतारा काढून दिला. तोवर पैसे तीन-तीन खाती फिरून एटीएममधून निघाले होते. ४१,५०० रुपये तेवढे एका खात्यात रोखले गेले, आणि ते परत मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणून सांगण्यात आलं.

सोमवारी लेखी तक्रार दिली. बँकेचं उत्तर आलं, की ग्राहकानं कार्डाचा तपशील स्वतः दिला, सबब बँक जबाबदार नाही. आणि तक्रार मिळाल्याची तारीख: सोमवार.

इथे मला तुमच्यापुढे रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ठेवायचं आहे, बाईंचे पैसे गेले तेव्हा ते लागू होतं. तुमच्या कपाटांत ते आहेच, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच निघालं. पण ग्राहकांपैकी कुणी ते पाहिलेलं नाही, म्हणून त्यातलं थोडं सगळ्यांच्या माहितीसाठी लिहिते. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, गडबड तिसरीकडेच झाली, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याला एक पैचीही झळ लागता कामा नये. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत. ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायची ती बँकेनं. आणि निष्काळजीपणा असला तरी बँकेला वाटलं तर ती ग्राहकाची जबाबदारी माफ करू शकते, हेही त्यात लिहिलेलं आहे.

मग बाईंनी कळवलं कधी? सोमवारी, की शुक्रवारी चार चाळीसला, तुमच्याच छताखाली, तुमच्याच कॅमेऱ्यासमोर? पूर्वी काउंटरवर आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का बसायचा आणि तो शिक्का कोर्टातही चालायचा. आज एक म्हातारी माणूस येऊन तोंडानं सांगते, की माझे पैसे चाललेत, तर त्याची कुठे नोंदच होत नाही. त्याच परिपत्रकात आणखी एक ओळ आहे. खात्यातून पैसे गेल्याचा जो संदेश येतो, त्यालाच उत्तर पाठवून ग्राहकाला हरकत घेता आली पाहिजे, वेगळा नंबर शोधायची वेळ येता कामा नये. २०१७ साली लिहिलेली ओळ. माझ्या बुधवारच्या हॉलमध्ये चाळीसेक लोकांचे मोबाइल मी पाहिले, वेगवेगळ्या बँकांचे. ‘हा व्यवहार मी केला नाही’ एवढं उत्तर पाठवण्याची सोय मला एकाच्याही संदेशात आढळली नाही. बहुतेकांत एक लांबलचक इंग्रजी वाक्य आणि एक फोन नंबर.

‘लोकांनीच सावध राहायला हवं’ हे मी रोज ऐकते आणि बुधवारी स्वतःही सांगते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे मी किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. ज्या फाइलच्या शेवटी एपीके लिहिलंय तिला हात लावायचा नाही, मग ती लग्नाची पत्रिका असो, आरटीओचं चलन असो की शेतकरी सन्मानाची यादी. बँकेचा नंबर गूगलवर शोधायचा नाही, कार्डाच्या मागे असतो तोच लावायचा. बँकेच्या वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी आता ‘डॉट बँक डॉट इन’ असतं, तेवढं बघायचं. बँकेचे खरे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात, साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हणालं की फोन ठेवायचा, उद्धटपणा वाटला तरी चालेल. हयातीचा दाखला हवा तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत करून देतो. आणि काही चुकलंच तर आधी मोबाइलवर विमानाचं चिन्ह दाबायचं, मग दुसऱ्याच्या फोनवरून १९३०. लाजायचं नाही, मुलगा रागावेल म्हणून लपवायचं नाही. पैसे गेले यापेक्षा ‘पोरं काय म्हणतील’ या भीतीनं जास्त वेळ वाया जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे सगळं सांगते आणि सांगत राहीन. पण ७१ वर्षांच्या बाईनं कधीच चुकू नये, अशी व्यवस्था उभी करता येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची यंत्रणा चोरांनी भेदली. २८ देशांतल्या एटीएममधून आणि परदेशी खात्यांवर मिळून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. १९०६ पासूनची बँक, तज्ज्ञ माणसं, तरीही. त्या वेळी महाराष्ट्रात सगळ्यांना बँकेबद्दल हळहळ वाटली, आणि वाटायलाच हवी होती, कारण समोरचा चोर तयारीचा होता. पोलीस मागे लागले, खटला चालला, पुढे शिक्षाही झाल्या. मग तसाच तयारीचा चोर बाईंच्या घरात शिरतो, तेव्हा त्यांच्या वाट्याला ‘सबब बँक जबाबदार नाही’ एवढीच ओळ का यावी?

आणि ते पैसे गेले कुणाच्या खात्यात? त्या सहा रकमा चार खात्यांत गेल्या. चारही खाती बँकांनीच उघडलेली, आधार-पॅन घेऊन, केवायसी करून. त्यातलं एक एकोणीस वर्षांच्या मुलाचं. त्यानं ते पाच हजार रुपयांना ‘भाड्यानं’ दिलं होतं, पासबुक, एटीएम आणि सिमकार्डासकट. अशी भाड्याची खाती नसतील तर चोराला पैसे ठेवायला जागाच उरणार नाही. २०१४ मध्ये जनधनच्या शिबिरांत मी एका दिवसात शंभर-शंभर अर्ज तपासले आहेत. आकडा गाठायचा म्हटल्यावर तपासणी कशी होते ते मला बाहेरून कुणी सांगायला नको. महिनाभर शे-दोनशे रुपये असलेल्या खात्यात एका दुपारी लाख रुपये येतात आणि दहा मिनिटांत निघून जातात, हे घेणाऱ्या बँकेलाही दिसतं. रिझर्व्ह बँकेनं अशी खाती हुडकायला २०२४ मध्ये ‘म्यूल हंटर’ नावाची प्रणाली काढली आहे. तुमच्यापैकी किती बँकांनी ती लावली, तालुक्यातल्या किती खात्यांवर तिनं बोट ठेवलं, याचा एक तक्ता पीककर्जाच्या तक्त्याशेजारी ठेवा.

ब्रिटननं याचा सोक्षमोक्ष लावला आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून पैसे पाठवायला लावले, तर ८५,००० पौंडांपर्यंतची रक्कम ग्राहकाला परत द्यावी लागते, आणि तो भार पाठवणारी बँक आणि घेणारी बँक निम्मा-निम्मा उचलतात. ग्राहकानं स्वतः बटण दाबलं होतं, हे तिथे पुरेसं उत्तर ठरत नाही. घेणाऱ्या बँकेच्या खिशाला झळ लागली, की खातं उघडताना ती दोन प्रश्न जास्त विचारते. आपल्याकडे कायदा तसा होईल तेव्हा होईल. पण आपल्या राज्यातल्या बँकांनी आपसांत ठरवायला कायद्याची वाट कशाला बघायची?

माझं मागणं फार मोठं नाही. साठीच्या पुढच्या ग्राहकाच्या खात्यातून, त्याच्या नेहमीच्या वागण्याच्या बाहेरची मोठी रक्कम नव्या खात्यावर निघाली, तर ती काही तास थांबवा. त्या वेळात शाखेतून माणसानं फोन करावा, यंत्रानं नाही, आणि मराठीत विचारावं, “काका, ही रक्कम तुम्हीच पाठवताय ना? शेजारी कुणी फोनवर आहे का?” लोकांना वेग हवा असतो, असं तुम्ही म्हणाल. भाजीवाल्याला चाळीस रुपये देताना हवाच असतो. आयुष्यभराची ठेव मोडताना कुणालाही घाई नसते, घाई फक्त चोराला असते. ज्याला हा खोळंबा नको असेल त्यानं शाखेत येऊन लेखी द्यावं.

मुदत ठेव घरबसल्या मोडण्याची सोय ज्येष्ठांच्या खात्याला आपोआप लावू नका, त्यांनी मागितली तर द्या. नेट बँकिंग पहिल्यांदा सुरू होताना एकदा शाखेत येऊ दे त्यांना, नाही तर शाखेचा माणूस घरी जाऊ दे. खात्याला जसा वारस लावतो तसा एक भरवशाचा माणूसही नोंदवून घ्या. त्याला पैशाला हात लावायचा हक्क नको, फक्त काही विचित्र दिसलं की त्यालाही एक संदेश जावा. बाईंचा भाचा पुण्यात संगणकावरच काम करतो. चार वाजून नऊ मिनिटांनी त्याला कळलं असतं तर त्यानं काय केलं असतं, याचा विचार बाई रोज रात्री करतात, मला त्यांनीच सांगितलं.

आणि प्रत्येक शाखेत, दारातून आत येताच दिसेल असं, एक टेबल हवं. वर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘पैसे गेले? आधी इथे या’ असं लिहिलेलं. तिथल्या माणसानं बाकी सगळं बाजूला ठेवून आधी खातं गोठवावं, व्यवहारांचे नंबर काढून द्यावेत, स्वतःच्या फोनवरून १९३० लावून ग्राहकाच्या हातात द्यावा, आणि कागदावर वेळेसकट शिक्का मारावा. शटर अर्धं खाली असलं तरी. त्यासाठी वेगळा माणूस नेमायला नको, आहेत त्यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण पुरेल. ते द्यायला मी फुकट येईन, माझ्यासारखे निवृत्त लोक प्रत्येक तालुक्यात दहा तरी सापडतील. आमची पेन्शनही तुमच्याच बँकांमध्ये येते, आम्हाला हे परकं काम नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या, ही विनंती. बोलावलंत तर मी येईन आणि बाईंनाही घेऊन येईन. त्यांची यायची तयारी आहे. त्यांनी आपला खातेउतारा एका पुठ्ठ्याच्या फायलीत लावून ठेवला आहे, आणि त्यातल्या ४:४० च्या जागी, दोन ओळींच्या मधे, लाल पेनानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: ‘मी इथे बँकेत होते.’

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी